दुकानात वाचन मॅरेथॉन ठेवताय? मग डब्यावर भरवसा नको

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की तालुक्याच्या गावात तुमचं साडेचारशे स्क्वेअर फुटांचं पुस्तकाचं दुकान आहे, जवळच्या एका जिल्हा परिषद शाळेला छोटं वाचनालय करून द्यायचंय, त्यासाठी १५ ऑक्टोबरला म्हणजे वाचन प्रेरणा दिनाला दुकानात सलग २४ तास वाचन ठेवायचं आणि दारात देणगीचा डबा ठेवायचा, तर हे जमेल का. जमेल की. मी अशी पाच केलीत, पहिलं २०१९ च्या महापुरानंतर, आमच्या बाजूच्या एका गावातल्या वाचनालयाची सगळी खालची कपाटं पाण्यात गेली होती म्हणून. पण तुमच्या प्लॅनमधल्या तीन गोष्टी मी बदलेन. २४ तास, १५ ऑक्टोबर आणि डबा. बाकी सगळं झकास आहे.

डब्यापासून सुरू करतो कारण आम्ही तिथेच तोंडावर आपटलो. पहिल्या वर्षी दिवसभर माणसं येत होती, बसत होती, ऐकत होती, चहा पीत होती, 'फार छान उपक्रम हो' म्हणत होती, पेपरात फोटो पण आला. रात्री डबा उघडला तर ३,१४० रुपये आणि कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. मांडववाल्याचं बिलच त्याच्या आसपास होतं. तेव्हा कळलं की वाचन दुकानात होतं पण पैसे दुकानात जमत नाहीत, ते आधीच्या पंधरा दिवसांत प्रत्येक वाचकाच्या फोनवर जमतात. ऐकायला आलेला माणूस पाहुणा असतो, त्याच्यासमोर डबा सरकवला की त्यालाही कसनुसं होतं आणि आपल्यालाही. पण जो वाचणार आहे त्याच्या मावशीला, ऑफिसातल्या मित्राला, वरच्या मजल्यावरच्या काकूंना 'आमचा पोरगा वाचणार आहे' याचं कौतुक असतं आणि पैसे त्या कौतुकातून येतात.

म्हणून दुसऱ्या वर्षीपासून नियम केला, वाचायची जागा हवी असेल तर दहा माणसं शोधायची, प्रत्येकी शंभर रुपये, आणि ते वाचनाच्या आधी. बेचाळीस वाचक गुणिले दहा गुणिले शंभर म्हणजे ४२ हजार, हे झालं कागदावर. प्रत्यक्षात अकराजणांनी एक रुपया आणला नाही (त्यातले चार तर मोठ्या पोस्टवरचे), आणि आठवीतल्या एका मुलीने एकटीने साडेसहा हजार आणले. तिने काय केलं तर बिल्डिंगमधलं एकेक दार वाजवून सांगितलं, मी शनिवारी वाचणार आहे, ऐकायला या नाहीतर शंभर द्या. बऱ्याच लोकांनी शंभर दिले आणि वर ऐकायला पण आले. असे वाचक शोधा. नाव मोठं असलेला पाहुणा वाचक एखादाच ठेवा, तो फोटोपुरता, त्याला शंभर रुपये जमवायला सांगता येत नाही आणि तो अर्धा तास उशिरा येतो.

एक सावधगिरी. 'पानाला पाच रुपये, जितकी पानं वाचशील तितके देऊ' असली वचनं ऐकायला भारी वाटतात, घेऊ नका. कार्यक्रम झाला की त्याची वसुली म्हणजे थकलेली भिशी. रक्कम ठोक आणि आधी.

आता पैसे कुठे घ्यायचे. हे नीट वाचा, कारण चांगल्या माणसांची नावं इथे खराब होतात. पहिल्या वर्षी आम्ही माझ्याच गुगल पेचा क्यूआर लावला होता आणि पुढचे सहा महिने मी लोकांना हिशेब दाखवत फिरत होतो, कुणी तोंडावर बोललं नाही पण लग्नकार्यात 'काय, वाचनालय कुठवर आलं?' हा प्रश्न कोणत्या सुरात विचारतात ते कळतं. तुमचा किंवा दुकानाचा क्यूआर अजिबात नको. दुकानाच्या खात्यात देणगी आली की ती तुमच्या विक्रीत मिसळते आणि सीए वर्षअखेरीला डोकं धरतो. एखादा नोंदणीकृत ट्रस्ट गाठा, गावातलं जुनं सार्वजनिक वाचनालय, शिक्षण संस्था, काहीही, ज्याला ८०जी आहे म्हणजे देणाऱ्याला आयकरात सूट मिळते, आणि त्यांच्या खात्याचा क्यूआर छापा. पावती त्यांची, हिशेब त्यांचा, आणि 'ही रक्कम अमुक शाळेच्या पुस्तकांसाठीच' असा ठराव त्यांच्याकडून आधी लिहून घ्या. ट्रस्ट नसेल आणि तुम्ही चारजणांनी मिळूनच वर्गणी काढायची म्हटली तर धर्मादाय कार्यालयाकडे कलम ४१क खाली जावं लागतं, गणपती मंडळं घेतात तीच परवानगी. अवघड नाही पण महिनाभर आधी मागे लागा.

८०जी ची सूट हवी असेल तर दोन हजारांच्या वर रोख चालत नाही, चेक किंवा ऑनलाइनच, आणि देणाऱ्याचा पॅन नंबर त्याच वेळी घ्या, मार्चमध्ये फोन करून मागायला लागलात तर निम्मे लोक उचलत नाहीत. आणि परदेशातले नातेवाईक. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. भारतीय पासपोर्ट असलेला एनआरआय आपल्या बँक खात्यातून पैसे पाठवत असेल तर प्रश्न नाही, पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलंय, भले ओसीआय कार्ड असू दे, त्याची देणगी कायद्याने परदेशी धरतात आणि ट्रस्टकडे एफसीआरए म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी नसेल तर घेताच येत नाही. आमच्या एका वाचकाच्या न्यू जर्सीच्या भाच्याने प्रेमाने २०० डॉलर पाठवायची तयारी केली, ट्रस्टच्या सेक्रेटरीने नाही म्हटलं, आणि मामाला वाटलं आम्ही माजलो.

तारखेचं आता. १५ ऑक्टोबर हा कलामांचा वाढदिवस, २०१५ पासून आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन म्हणून करतात, दिवस सुंदर आहे, पण त्या दिवशी प्रत्येक शाळेत स्वतःचा कार्यक्रम असतो त्यामुळे तुमचे हक्काचे वाचक म्हणजे शिक्षक आणि मुलं तिकडे अडकलेली, पुढेमागे नवरात्र नाहीतर दिवाळी, सहामाही पण त्याच सुमाराला, आणि परतीचा पाऊस कधी येईल सांगता येत नाही. २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन, म्हणजे बोर्डाच्या परीक्षांचे दिवस. २३ एप्रिल, जागतिक पुस्तक दिन, तेव्हा पत्र्याखालच्या दुकानात बसून दाखवा. आम्ही फिरून फिरून २४ डिसेंबरवर आलो, साने गुरुजींची जयंती. थंडी असते, पंखा लावावा लागत नाही (पंख्याचा मुद्दा पुढे येतोय), दुसऱ्या दिवशी नाताळची सुट्टी. त्यात शनिवार-रविवार लागून आला तर सोन्याहून पिवळं, नाही आला तर जवळचा शनिवार धरा, गुरुजी रागावणार नाहीत.

आणि तारीख त्यांची म्हणून पुस्तकही त्यांचंच, 'श्यामची आई'. यात भावनेचा भाग आहेच पण मी ते सोयीसाठी निवडतो. एक तर त्याचे बेचाळीस तुकडे आधीच पाडलेले आहेत, बेचाळीस रात्री, प्रत्येक रात्र स्वतंत्र गोष्ट, म्हणजे बेचाळीस वाचकांना एकेक रात्र वाटून दिली की झालं, कुणाला 'मी मधूनच कुठून सुरू करू' हा प्रश्न पडत नाही आणि ऐकणाराही दुपारी तीनला येऊन बसला तरी त्याला कळतं. प्रत्येक वाचकाला 'माझी रात्र' म्हणून मिरवता येतं, व्हॉट्सॲपवर 'मी रात्र सतरावी वाचतोय' असं टाकता येतं. दुसरं, कॉपीराइट. आपल्याकडे लेखक गेल्यानंतरच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ पासून पुस्तक मोकळं आहे, अख्खं वाचा, रेकॉर्ड करा, लाइव्ह करा, कुणाला विचारायला नको.

हे मुद्दाम सांगतोय कारण मिटिंगमध्ये कुणीतरी 'पुलं वाचूया की, लोक हसतील' म्हणणारच. पुलं गेले २००० साली, हक्क २०६० संपेपर्यंत. १९५७ च्या कायद्यात कलम ५२ खाली छापलेल्या पुस्तकातला बेताचा उतारा जाहीर वाचायला मोकळीक आहे, पण उतारा म्हणजे उतारा, अख्खं पुस्तक दहा तास वाचणं त्यात बसत नाही, आणि फेसबुक लाइव्ह लावलं की तो वेगळाच विषय होतो. आजच्या लेखकाचं वाचायचं असेल तर त्याला आणि प्रकाशकाला सरळ मेल टाका, काम चांगलं असेल तर बहुतेक हो म्हणतात, एकदा तर लेखिका स्वतः एसटीने आल्या होत्या आणि स्वतःच्या पुस्तकातला प्रूफमधला घोळ वाचताना सापडला म्हणून स्वतःच हसत सुटल्या. हसवायचंच असेल तर चिं. वि. जोशी घ्या, ते १९६३ साली गेले त्यामुळे २०२४ पासून चिमणराव सगळ्यांचा. जेवणानंतर दोन ते चार ही मेलेली वेळ असते, तिथे एखादी चिमणरावाची गोष्ट मधे घुसवली तर पेंगणारे जागे होतात.

किती तास? आमच्या अनुभवात एक रात्र म्हणजे दहा ते वीस मिनिटं, माणूस कसा वाचतो त्यावर. अदलाबदल, चहा, मधली गडबड धरून सगळं पुस्तक साडेअकरा तासांत संपलं. सकाळी सातला सुरू, संध्याकाळी साडेसहाला शेवट, नंतर अर्धा तास आभार आणि चहा. २४ तास आम्ही एकदाच केलं आणि परत नाही. रात्री एक ते पाच या वेळात दुकानात मी, दुकानाचे मालक, वाचणारा एक इंजिनिअरिंगचा पोरगा आणि दाराशी झोपलेलं कुत्रं. पोरगा साडेतीनला झोपेत एकच परिच्छेद तीनदा वाचत होता आणि आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. हरिनाम सप्ताहात रात्री अडीचलासुद्धा वीणा खाली टेकत नाही हे खरंय, पण तिथे गावाने वाटून घेतलेले पहारे असतात, मंदिर असतं, भट्टी पेटलेली असते, आणि माणूस श्रद्धेने उठून येतो. तुमच्या दुकानासाठी कोण पहाटे तीनला उठणार? शिवाय देणाऱ्याला २४ तासांचं आणि १२ तासांचं काही पडलेलं नसतं, त्याने शंभर आधीच दिलेत.

पण सप्ताहातली एक गोष्ट मात्र उचला, पहारा बदलायची पद्धत. वीणेकरी पुढच्याच्या गळ्यात वीणा घातल्याशिवाय हलत नाही. आमच्याकडे टेबलाशी दोन खुर्च्या असतात. एकीवर वाचणारा, दुसरीवर पुढचा, आणि पुढचा दहा मिनिटं आधी येऊन तिथे बसतो, स्वतःच्या हातातल्या प्रतीत बोट ठेवून ओळ धरतो. रात्र संपली की पहिला उठत नाही, दुसरा पहिलं वाक्य वाचायला लागला की मग उठतो. एवढ्याने सगळी खुसपुस, 'कोण आहे पुढे, अरे तो आलाय का' बंद होते. आणि दोन्ही प्रती एकाच प्रकाशनाच्या, एकाच आवृत्तीच्या पाहिजेत. हक्क मोकळे असल्याने हे पुस्तक कितीतरी जणांनी छापलंय, प्रत्येकाचं पान वेगळं, एका वर्षी एक काका घरची जुनी प्रत घेऊन आले, पान नंबर सांगितला तर त्यांनी भलतीकडूनच सुरुवात केली, श्याम एकदम पुढच्या रात्रीत. समोर बसलेल्या एका आजींनी, डोळे मिटूनच, 'अहो, मधलं राहिलं' म्हणून सांगितलं. पुस्तक पाठ होतं त्यांना.

राखीव वाचक ठेवा, चार तरी. एक तर दहा टक्के माणसं येत नाहीत. आणि दुसरं, या पुस्तकाच्या शेवटच्या रात्री लोकांना वाचता येत नाहीत. आमच्याकडे एसटीतले एक रिटायर्ड कंडक्टर होते, आवाज असा की स्टँडच्या या टोकाचं त्या टोकाला ऐकू जावं, त्यांना मुद्दाम शेवटाकडची रात्र दिली होती. दोन पानं झाली, तिसऱ्यावर थांबले, चष्मा काढला, पुसला, परत घातला, ओठ हलतायत पण आवाज नाही. पूर्ण मिनिटभर दुकानात कुणी हललं नाही. मग शेजारच्या खुर्चीतल्या नववीतल्या पोराने, ज्याच्या हातात प्रत होती, तिथूनच पुढे वाचायला घेतलं, कुणी सांगितलं नव्हतं. काका तसेच बसून राहिले शेवटपर्यंत, पोराच्या पाठीवर हात ठेवून. आता मी शेवटच्या पाच-सहा रात्रींना मुद्दाम शेजारी घट्ट काळजाचा माणूस बसवतो.

आवाजाचं सामान. मोठा स्पीकर नको, दुकानाबाहेर तर नकोच, बाहेर लावला की पोलीस परवानगी लागते आणि वरच्या मजल्यावरचे लोक दुपारी बाराला खाली येतात. आत एक बॉक्स स्पीकर आणि कॉलर माइक पुरतो. तरीही पोलीस स्टेशनला एक साधं माहितीचं पत्र देऊन ठेवा, पोच घ्या. टेबल फॅन माइकजवळ असला की सगळं वाचन वादळात चालल्यासारखं ऐकू येतं, म्हणून थंडीतली तारीख. इन्व्हर्टर चार्ज आहे ना बघा. वाचणाऱ्याच्या डाव्या खांद्यावरून पडेल असा एक टेबल लॅम्प ठेवा, ट्यूबच्या उजेडात गुळगुळीत कागद चमकतो आणि साठीच्या पुढची माणसं पुस्तक वर-खाली करत बसतात. कोमट पाणी, खडीसाखर. वाचायच्या आधी दुधाचा चहा नको, घसा चिकट होतो, वाचून झाल्यावर हवा तेवढा.

खाण्याचं अवघड असतं कारण आजूबाजूला विकायची पुस्तकं आहेत. पोहे, चिवडा, भजी, तेलकट काहीही आत नाही, केळी आणि शेंगदाण्याचे लाडू बाहेरच्या बाकावर. खुर्च्या पंचवीसच्या वर मागवू नका, जागा नाही आणि रिकाम्या खुर्च्या फोटोत फार वाईट दिसतात. टॉयलेट कुठे, हे आधी ठरवा! दुकानात नसतंच बहुधा, आम्ही शेजारच्या दातांच्या डॉक्टरांना विनंती केली आणि त्यांच्या आईला पहिली रात्र वाचायला दिली. आणि गर्दीत पुस्तकं जातात हो, चांगल्या लोकांच्या पिशवीतनं जातात, तेव्हा ज्या बाजूला लक्ष राहणार नाही त्या रॅकवर चादर टाका.

आता तुमचा फायदा, कारण तुम्ही प्रश्नात लाजून लिहिलंय की 'दुकानाला काही नको'. का नको? दुकान जगलं तर पुढच्या वर्षी मॅरेथॉन होईल. जमलेल्या पैशातून शाळेची पुस्तकं तुमच्याकडूनच घेतली जाणार हे बोर्डावर उघड लिहा, किती टक्के सूट देताय तेही लिहा, मग कुणी बोलत नाही, लपवलं की बोलतात. शिवाय एक करा, शाळेच्या गुरुजींना आणि मुलांना विचारून शंभर पुस्तकांची यादी काढा, ती पुस्तकं एका टेबलावर वेगळी मांडा, येणाऱ्याला त्यातलं एक विकत घेऊन तिथेच पहिल्या पानावर स्वतःचं नाव लिहून खोक्यात टाकायला सांगा. डब्यात दहाची नोट टाकणारा माणूस दीडशेचं पुस्तक घेतो, कारण त्यावर नातवाचं नाव लिहिता येतं. छोट्या मुलांसाठी प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट यांची मराठी पुस्तकं स्वस्त पडतात, चित्रांची ज्योत्स्ना प्रकाशनाची बघा. पहिली ते चौथीची शाळा असेल तर कादंबऱ्या कशाला, पातळ पुस्तकं जास्त घ्या, फाटली तरी चालतील, फाटली म्हणजे वाचली.

जुनी पुस्तकं मात्र स्वीकारू नका, कितीही जवळचा माणूस असू दे. एका वर्षी 'घरातली पुस्तकं आणा' लिहिलं आणि संध्याकाळपर्यंत दुकानासमोर चार पोती, त्यात जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं, विमा एजंटांच्या डायऱ्या, अर्धे दिवाळी अंक आणि एक मिक्सरचं मॅन्युअल. रद्दीवाल्याने ६८० रुपये दिले, ते हिशेबात दाखवले.

रोख रक्कम जी काही येईल ती दोघांनी मिळून मोजायची, कागदावर दोघांच्या सह्या, आणि दुसऱ्याच दिवशी ट्रस्टच्या खात्यात. आठ दिवसांत सगळ्या वाचकांच्या ग्रुपवर एक कागद टाका, किती आले, किती खर्च, किती पुस्तकं, शाळेत कधी पोचणार. शाळेत द्यायला जाताना दोन-चार वाचकांना घेऊन जा, हारतुरे नकोत, खोकी मुलांनाच उघडू द्या. त्या साडेसहा हजारवाल्या मुलीला आम्ही नेलं होतं, ती परत येताना गाडीत पूर्ण वेळ गप्प, घरी उतरताना म्हणाली, पुढच्या वर्षी शेजारची बिल्डिंग पण घेते.

आणि हो, खुर्च्या आदल्या रात्रीच दुकानात उतरवून घ्या. मांडववाला 'सकाळी सहाला येतो' म्हणेल. येत नाही.